वक्री शुक्र आणि अस्त शुक्र: लग्नाची तारीख नेमकी कोण अडवतं?

याद्या करायला दोन्हीकडची मंडळी बसलेली असतात. देण्याघेण्याचं बोलून झालेलं असतं, आता तारीख तेवढी राहिलेली. मुलाची आत्या मोबाइल पुढे करते, 'अहो, शुक्र वक्री होतोय. प्रेमाचा ग्रह उलटा फिरणार आणि आपण लग्न काढणार?' गुरुजी चष्म्यावरून बघतात, 'वक्री असू द्या हो ताई, अस्त कधी आहे ते बघू.' आत्याचं समाधान होत नाही. तिच्या मते दोन्ही एकच, शुक्र बिघडलेला.

दोन्ही एक नाहीत. वक्री हा शब्द ग्रहाच्या चालीबद्दल आहे, अस्त हा त्याच्या दिसण्याबद्दल. ग्रह नक्षत्रांच्या मागच्या पडद्यावर एरवी पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकतो, म्हणजे मेषेतून वृषभेत, वृषभेतून मिथुनेत. कधीकधी तो थबकतो, मग काही आठवडे किंवा महिने उलट दिशेने सरकताना दिसतो. पुन्हा थबकून मार्गी, म्हणजे सरळ चालीचा, होतो. या थबकण्याला ज्योतिषी स्तंभी म्हणतात. प्रत्यक्षात कोणताही ग्रह मागे फिरत नाही. पृथ्वी आणि तो ग्रह वेगवेगळ्या वेगाने सूर्याभोवती फिरतात आणि एकाने दुसऱ्याला मागे टाकताना हा आभास होतो.

अस्ताचं कारण त्याहून साधं. ग्रह आकाशात सूर्याच्या इतका जवळ येतो की संधिप्रकाशात बुडून जातो. रोज संध्याकाळी क्षितिजाखाली जातो तो अस्त वेगळा. पंचांगात 'शुक्राचा लोप' किंवा 'शुक्राचा पूर्वेस अस्त' असं छापलेलं असतं तेव्हा काही दिवस शुक्राची चांदणी पहाटे नाही की संध्याकाळी नाही, असा अर्थ असतो. किती जवळ आला की दिसेनासा होतो याचे आकडे सूर्यसिद्धान्तात आहेत: गुरूला ११ कालांश (सूर्यापासूनचं अंतर मोजायचे अंश), शनीला १५, मंगळाला १७. शुक्राला मात्र दोन आकडे, एरवी १० आणि वक्री असताना ८. बुधाचंही तसंच, १४ आणि १२.

हे दोन आकडे का, याकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. वक्री शुक्र पृथ्वीच्या जवळ असतो, मोठा दिसतो, म्हणून सूर्याच्या थोडा आणखी जवळ गेला तरी डोळ्यांना सापडतो. वक्री आणि अस्त या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि एकीचा दुसरीवर परिणाम होतो, हे जुन्या गणितींना पक्कं ठाऊक होतं. घोटाळा आपला आहे, आणि तो बराचसा अलीकडचा.

आता मुद्द्याची गंमत. गुरू, शनी, मंगळ हे पृथ्वीच्या कक्षेबाहेरचे ग्रह. ते वक्री होतात तेव्हा पृथ्वी त्यांच्या आणि सूर्याच्या मधून जात असते. म्हणजे आकाशात ते सूर्याच्या बरोबर समोर असतात, सूर्य मावळताना उगवतात, रात्रभर तळपतात. गुरू वर्षभरात सर्वांत तेजस्वी दिसतो तो वक्री असतानाच. त्यामुळे गुरू एकाच वेळी वक्री आणि अस्त असणं शक्यच नाही. कोणी 'गुरू वक्री असून अस्तही आहे' असं सांगून शांत करायला लावत असेल, तर त्याला पंचांगातलं पान उघडून दाखवायला सांगावं.

शुक्र-बुधांचं उलट. ते सूर्य आणि पृथ्वीच्या मधे फिरतात, म्हणून वक्री होतात ते थेट सूर्यासमोरून जाताना. त्यांच्या वक्रीकाळाच्या मध्यावर अस्त ठरलेलाच. ६ जून २०१२ च्या सकाळी तर शुक्र सूर्यबिंबावरून सरकताना भारतातून दिसला. गाळणीचा चष्मा लावून पाहणाऱ्यांना सूर्यावर एक काळा ठिपका दिसला, तो वक्री आणि अस्त शुक्र. तसं अधिक्रमण आता डिसेंबर २११७ मध्ये.

शुक्राचा अस्त मात्र दोन प्रकारांनी होतो आणि लग्नघरासाठी हाच फरक सगळ्यांत महत्त्वाचा. एक, तो सूर्याच्या पलीकडे जातो तेव्हा. त्या वेळी तो मार्गी असतो आणि सूर्याच्याच दिशेने सरकत असतो, त्यामुळे सूर्याच्या तेजातून सुटायला त्याला दीड-दोन महिने लागतात. दुसरा, तो अलीकडून जातो तेव्हा. आता तो वक्री असतो, सूर्य पुढे चाललेला आणि हा मागे, म्हणून आठवडा-दहा दिवसांत पश्चिमेची चांदणी पूर्वेला उगवते. म्हणजे शुक्राचा लांबलचक, हॉलवाल्यांना रडवणारा अस्त हा मार्गी शुक्राचा. वक्री असेल तर अस्त लवकर उरकतो! आत्याबाईंनी ज्याची धास्ती घेतली, तो खरं तर लग्नघरावर उपकारच करत असतो.

मुहूर्तशास्त्राने मंगलकार्यासाठी वर्ज्य धरला तो गुरू आणि शुक्र या दोघांचा अस्त. एक देवांचा गुरू, एक दैत्यांचा. दोघांपैकी एक जरी आकाशात साक्षीला नसेल तर विवाह, मुंज, वास्तुशांत, देवप्रतिष्ठा थांबवावी अशी धारणा. अस्तापूर्वीचे काही दिवस ग्रहाचं वार्धक्य आणि उदयानंतरचे काही दिवस बाल्य म्हणून तेही सोडतात. बारशासारखे ठरल्या दिवशी करायचे संस्कार मात्र अडत नाहीत. बुध, मंगळ, शनी अस्त झाले तरी लग्नं चालू राहतात. आणि नुसता वक्रीपणा, मग तो कोणाचाही असो, सहसा विवाहाच्या आड येत नाही. मार्च २०२५ च्या पहिल्या पंधरवड्यात शुक्र वक्री होता आणि पंचांगांत विवाहमुहूर्त दिलेले होते. अडचण आली ती २३ मार्चच्या मागेपुढे, अस्तामुळे, आणि तीही थोडक्या दिवसांची.

दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून बघायच्या तर २०२५-२६ च्या हिवाळ्यासारखं उदाहरण नाही. गुरू ११ नोव्हेंबर २०२५ ला कर्केत वक्री झाला आणि ११ मार्च २०२६ पर्यंत वक्री राहिला. तुळशीचं लग्न लागलं होतं, नोव्हेंबरच्या उत्तरार्धात आणि डिसेंबरच्या सुरुवातीला लग्नांचा बार उडाला. गुरू वक्री आहे म्हणून कोणाचं काही अडलं नाही. मग डिसेंबरच्या मध्याच्या सुमारास शुक्राचा पूर्वेस अस्त झाला आणि फेब्रुवारीच्या तोंडापर्यंत मुहूर्त आटले. पौष मधे होताच, त्यामुळे कित्येकांना कारण पौषच वाटलं. त्या जानेवारीत रात्री गच्चीवर गेलेल्या माणसाला वक्री गुरू डोक्यावर लखलखताना दिसत होता आणि अस्तंगत शुक्र कुठेच नव्हता. जो ठळक दिसत होता त्याने लग्न अडवलं नाही, जो दिसतच नव्हता त्याने अडवलं. सगळा फरक तिथे आकाशात मांडलेला होता.

याहून मोठा फटका २०२४ च्या उन्हाळ्यात बसला. एप्रिलअखेर शुक्र लोपला आणि मे महिन्यात गुरूही. शाळांना सुट्टी, चुलत-मावस भावंडं गावी जमलेली, आंबे पिकलेले, आणि नेमके मे-जून कोरडे. केटरर, बँडवाले, फुलवाले, मेंदीवाल्या, घोडेवाले यांचं वर्षाचं गणित या दोन महिन्यांवर चालतं. जुलैत आषाढी एकादशीच्या आधी मोजके दिवस मिळाले, त्या दिवसांना कार्यालयांसाठी झुंबड. ज्यांना थांबणं शक्य नव्हतं, व्हिसा, बदली, आजीची तब्येत, त्यांनी काढीव मुहूर्त धरला. पंचांगकर्तेही आपत्कालीन मुहूर्त छापतातच. शास्त्राने दार बंद करून किल्ली फेकून दिलेली नाही.

असा उन्हाळा त्याआधी २००० साली आला होता. चोवीस वर्षांचं हे अंतर उगाच नाही. शुक्राची स्थिती दर आठ वर्षांनी जवळजवळ त्याच तारखांना परत येते, गुरूची साधारण बारा वर्षांनी. दोघांचा मेळ चोवीसला. त्या हिशेबाने २०४८ च्या मे-जूनमध्ये लग्न काढायचं नाही, हे आज पाळण्यात असलेल्यांच्या आईवडिलांनी आत्ताच लिहून ठेवायला हरकत नाही.

नात्यांवर ग्रहांचा परिणाम होतो का, याला माझं उत्तर असं की ग्रहांमुळे संसार मोडल्याचा पुरावा मला कुठे दिसलेला नाही. पंचांगामुळे लग्न डिसेंबरचं फेब्रुवारीत गेलेलं मात्र गावोगाव दिसतं. समाजावरचा ग्रहांचा प्रभाव म्हणतात तो निदान इथे खराखुरा आहे, आणि तो कार्यालयाच्या वहीत, सोनाराच्या ऑर्डरमध्ये, लांबलेल्या साखरपुड्यात मोजता येतो.

वक्रीची सध्याची भीती मात्र आपल्या पंचांगातून आलेली नाही. 'बुध वक्री आहे, जुन्या प्रेयसीला मेसेज करू नका', 'शुक्र वक्री, जुनी नाती परत येणार' ही भाषा पाश्चात्य ज्योतिषातली, रील्सच्या वाटेने मराठीत शिरलेली. बुध वर्षातून तीनदा, क्वचित चारदा, प्रत्येक वेळी तीनेक आठवडे वक्री असतो. दर वेळी फोन बंद करून बसायचं तर वर्षातले दोन महिने असेच जायचे. आपल्याकडच्या षड्बल गणितात (ग्रहाची ताकद सहा प्रकारांनी मोजतात ते) तर वक्री ग्रहाला चेष्टाबल, म्हणजे चालीचं बळ, पूर्ण साठ मिळतं, म्हणजे तो बलवान. दुबळा समजतात तो अस्तंगत ग्रह. रीलमध्ये नेमकं उलटं सांगतात.

हा घोळ निरुपद्रवी राहिला असता, पण तो स्थळं बघण्यात शिरला आहे. 'मुलीच्या पत्रिकेत गुरू वक्री आहे, नको' असं ऐकू येतं. गुरू सुमारे ३९९ दिवसांच्या फेऱ्यात १२० दिवसांच्या आसपास वक्री असतो. म्हणजे दहांतल्या तिघांच्या पत्रिकेत तो वक्री असणारच. शनीचं प्रमाण त्याहून जास्त, तिघांतल्या एकाहूनही थोडं अधिक. शुक्र मात्र क्वचित, ५८४ दिवसांत चाळीस-बेचाळीस दिवस, शंभरात सात जण. राहू-केतू तर मध्यम गतीने कायम वक्रीच असतात, त्यांना बिंबच नसल्यामुळे अस्ताचा प्रश्न नाही. वक्री ग्रहाला नकार द्यायचा ठरवला तर सोयरीक जुळवायला माणूस उरायचा नाही. विवाहसंस्थांच्या पत्रिकांवर 'व' अक्षर दिसलं की दचकणाऱ्यांनी आधी स्वतःची पत्रिका काढावी.

एक गोष्ट कबूल करायला हवी: वक्रीची भीती अगदीच परकी नाही. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत मंगळाच्या वक्री होण्याचे उष्ण, अश्रुमुख, व्याल, रुधिरानन, असिमुसल असे पाच प्रकार दिले आहेत आणि नावंच पुरेशी बोलकी आहेत. पण ती फळं राज्यांची, रोगराईची, पिकापाण्याची. कोणाच्या सुनेची किंवा जावयाची नाहीत. संहिता समाजाकडे बघते, मुहूर्त घराकडे, जातक, म्हणजे जन्मपत्रिकेचं शास्त्र, एका माणसाकडे. आपण तिन्ही चुली एकत्र पेटवल्या आणि जे शिजलं ते मोबाइलवर वाढलं.

वक्रीचा समाजावर डोळ्यांनी दिसणारा परिणाम हवा असेल तर नाशिककडे बघा. गुरू सिंहेत शिरतो तो दिवस सिंहस्थाचा, आणि ३१ ऑक्टोबर २०२६ हा ध्वजारोहणाचा दिवस त्यावरूनच ठरला. पण डिसेंबरात गुरू वक्री होतो, जानेवारी २०२७ मध्ये मागे कर्केत येतो आणि जूनमध्ये पुन्हा सिंहेत जातो. रामकुंडावरची आणि त्र्यंबकेश्वरची मुख्य स्नानं २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात आहेत. रस्ते, तंबू, पाणी, पोलीस, सगळं या ये-जा करणाऱ्या गुरूच्या वेळापत्रकावर बेतलेलं. राशिप्रवेश दोनदा होतो तो वक्रीपणामुळे; अस्तामुळे असं काही होत नाही.

२०२६ चं उरलेलं गणित असं. १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ, तिथे मुहूर्त नाहीतच. गुरूचा अस्त जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत, तो बहुतेक चातुर्मासात बुडतो. शुक्र ३ ऑक्टोबर ते १४ नोव्हेंबर वक्री, त्यातला अस्त २४ ऑक्टोबरच्या आगेमागे थोडे दिवस. तेव्हाही चातुर्मासच चालू असतो, त्यामुळे कोणाचं नुकसान नाही. २१ नोव्हेंबरला तुळशीचं लग्न लागेल तेव्हा शुक्र मार्गी असेल आणि पहाटे पूर्वेला ठसठशीत दिसेल. उदय-अस्ताच्या तारखा पंचांगापंचांगात आणि गावागणिक दोन-चार दिवस पुढेमागे होतात, तेव्हा हॉलचा ॲडव्हान्स भरण्याआधी गुरुजींना 'वक्री कधी' विचारू नका, 'लोप कधी आणि उदय कधी' तेवढंच विचारा.