दिवे मालवल्यावर समुद्री मासा वेगळा वागू लागला तर : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

समुद्री माशांची टाकी नव्याने घरी आणलेल्या ग्राहकांचे फोन आम्हांला बहुधा रात्री येतात. मासा आडवा पडला आहे, त्याचा रंग उडाला आहे किंवा तो टाकीत कुठेच दिसत नाही, असे ते काळजीने सांगतात. बहुतेक वेळा तो मासा आजारी नसतो, झोपलेला असतो. या माशांना पापण्या नसल्यामुळे ते उघड्या डोळ्यांनीच झोपतात. आणि प्रवाळभित्तीवर रात्री हिंडणाऱ्या शिकाऱ्यांपासून जीव वाचवण्याची प्रत्येक जातीची जी रीत आहे, ती काचेच्या टाकीत आल्यावरही सुटत नाही.

सर्वांत जास्त घबराट रॅस माशांमुळे होते. येलो कोरिस आणि मेलानुरस हे रॅस संध्याकाळी वाळूत शिरतात व सकाळपर्यंत वर येत नाहीत. त्यांच्यासाठी तळाशी निदान ५ सेंटिमीटर जाडीचा बारीक वाळूचा थर हवा. प्रवाळाचा जाड चुरा असेल तर आत शिरताना त्यांचे अंग खरचटते. नवीन रॅस पहिले काही दिवस वाळूतच राहिला किंवा भर दुपारी गडप झाला, तरी तो मेला असे समजू नये. बालीहून आलेल्या माशाचे शरीर सुरुवातीला बालीच्या दिवस-रात्रीप्रमाणेच चालते, आणि तेथे सूर्य मावळतो तेव्हा आपल्याकडे दुपारचे जेमतेम ४ वाजत आलेले असतात. आपल्या टाकीच्या दिव्यांशी त्याचे जुळेपर्यंत कृपया वाळू उकरू नये.

सिक्स-लाइन रॅस आणि फेअरी रॅस वाळूत न जाता दगडांच्या कपारीत झोपतात आणि स्वतःभोवती चिकट द्रव्याचा पारदर्शक कोश विणतात. सकाळी टाकीत तरंगणारा किंवा फिल्टरला अडकलेला बुळबुळीत पापुद्रा हा त्याच कोशाचा अवशेष असतो. त्याने पाणी बिघडत नाही आणि तो बुरशीचाही नसतो, त्यामुळे त्यावर कोणतेही औषध टाकण्याची गरज नाही. पॅरटफिशही असाच कोश करतो. ऑस्ट्रेलियातील ग्रेट बॅरिअर रीफवरील पॅरटफिशच्या अभ्यासात असे आढळले, की कोश काढून घेतलेल्या माशांवर रक्त शोषणाऱ्या बारीक परजीवींचा हल्ला कितीतरी अधिक होतो. म्हणजे हा कोश मच्छरदाणीचेच काम करतो. दिवसाच्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे २.५ टक्के ऊर्जा त्यासाठी खर्च होते, म्हणून रात्री टॉर्च मारून किंवा दगड हलवून माशाला त्यातून बाहेर पडायला लावणे हा त्याच्यावर अन्यायच आहे.

रंग बदलणे हेही झोपेचेच लक्षण आहे. येलो टँगचा पिवळा रंग रात्री मळकट होतो आणि अंगाच्या मध्यावर पांढरा पट्टा उमटतो. फॉक्सफेस तपकिरी, डागाळलेला दिसतो. त्याच्या परांचे काटे विषारी असल्याने त्याला हाताने हलवून पाहणे धोक्याचे आहे. ब्लू टँग दगडाच्या फटीत आडवा पडतो, तर ट्रिगर पाठीवरचा काटा उभा करून स्वतःला कपारीत घट्ट अडकवून घेतो. क्लाउनफिश पृष्ठभागाजवळच्या एखाद्या कोपऱ्यात तिरका तरंगत झोपतो, आणि हे दृश्य नवख्या माणसाला हमखास घाबरवते.

झोप आणि आजार यांतील फरक ओळखण्यासाठी प्रथम कल्ल्यांकडे पाहावे. झोपलेल्या माशाचा श्वास संथ आणि एकसारखा चालतो. कल्ले भराभर हलत असतील, मासा पृष्ठभागावर तोंड उघडून हवा घेत असेल किंवा एकाच वेळी अनेक मासे वर आले असतील, तर पाण्यातील ऑक्सिजन कमी पडला आहे असे समजावे. २५ अंश सेल्सिअसला गोड्या पाण्यात लिटरमागे साधारण ८.२ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, समुद्राच्या पाण्यात मात्र ६.७ मिलिग्रॅमच, शिवाय अंधारात शेवाळ ऑक्सिजन तयार करण्याऐवजी वापरू लागते. म्हणून वेव्हमेकर (पाणी खेळते ठेवणारा पंप) आणि स्किमर (फेसाबरोबर पाण्यातील घाण काढणारे यंत्र) रात्री कधीही बंद करू नयेत, आणि जेथे वीज वारंवार जाते तेथे बॅटरीवर चालणारा एअर पंप आम्ही आवर्जून घ्यायला सांगतो.

अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसले आणि काही दिवसांनी नाहीसे झाले, तर रोग बरा झाला असे मानू नये. हे ठिपके एका परजीवीमुळे येतात. त्याची पूर्ण वाढ झाली की तो माशाचे अंग सोडून तळाशी जाऊन चिकटतो, तेथे त्याची संख्या वाढते आणि नवे परजीवी मुख्यतः अंधारात बाहेर पडून झोपलेल्या माशांना गाठतात. अशा वेळी मासा वेगळ्या टाकीत हलवून उपचार करावे लागतात. तांब्याचे औषध मुख्य टाकीत टाकल्यास प्रवाळ आणि कोळंबी मरतात.

रात्री निरीक्षण करायचे असल्यास टॉर्चवर लाल जिलेटिन कागद लावावा, कारण लाल प्रकाश या माशांना फारसा जाणवत नाही. दिवे एकदम चालू-बंद न करता अर्ध्या तासात हळूहळू वाढवावेत व कमी करावेत. दचकलेला रॅस उडी मारून टाकीबाहेर पडतो, त्यामुळे जाळीचे झाकण असणे आवश्यकच आहे. शंका राहिल्यास लाल प्रकाशात घेतलेला अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ, पाण्याचे तापमान, क्षारता आणि अमोनियाचे त्या दिवसाचे माप आम्हांला पाठवावे, आणि मासा सकाळी दिवे लागल्यावर खायला पुढे आला की नाही हेही कळवावे.