काळं ऑइल चेनला चांगलं?

‘सर्व्हिसिंगला काढलेलं काळं इंजिन ऑइल फेकू नका, बाइकच्या चेनला ओता, चेन जास्त टिकते’ असं कायम फिरत असतं. ते लावलं की खडखड थांबते, म्हणून पटतंही. पण आवाज थांबला म्हणजे झीज थांबली असं नाही.

वापरलेल्या ऑइलमध्ये काजळी आणि धातूचा बारीक कीस असतो. साधी चेन झिजते ती मुख्यतः पिन (कड्या जोडणारी छोटी दांडी) आणि बुश (पिनभोवतीची नळी) यांच्यामध्ये. हा कीस नेमका तिथे शिरला तर पॉलिश पेपरसारखा घासत राहतो. शिवाय हे ऑइल पातळ, चाक फिरलं की उडतं. लावून एक फेरी मारा आणि मागची रिम बघा, काळे शिंतोडे दिसतील.

त्यापेक्षा रॉकेल (मिळालं तर! नाहीतर चेन क्लीनर) आणि मऊ ब्रशने चेन धुवा, कोरडी पुसा. मग 90 नंबरचं गिअर ऑइल किंवा चेन ल्यूब चेनच्या आतल्या बाजूने सोडा आणि जास्तीचं फडक्याने टिपून घ्या. ओ-रिंगच्या (सांध्यांत ग्रीस धरून ठेवणाऱ्या रबरी रिंगा असलेल्या) चेनला तारेचा ब्रश नको, रबर फाटतं आणि आतलं ग्रीस जातं. चाक मात्र हातानेच फिरवा, इंजिन बंद ठेवून. चालू गाडीत फडकं अडकलं तर बोटं जातात.