आडोसा संपतो तिथे जगज्जेता ठरतो

२०११ साली कोपनहेगनमध्ये मार्क कॅव्हेंडिश रोड सायकलिंगचा जगज्जेता झाला तो २६० किलोमीटर सायकलपटूंच्या घोळक्याच्या पोटात राहून आणि शेवटच्या काहीशे मीटरमध्ये मुसंडी मारून. २०२५ मध्ये रवांडातल्या किगालीत तादेय पोगाचारने शंभरहून अधिक किलोमीटर बाकी असतानाच घोळका सोडला आणि शेवटचे पासष्टेक किलोमीटर तो एकटाच होता. किताब एकच, इंद्रधनुषी पट्ट्यांची पांढरी जर्सीही तीच. तरी कॅव्हेंडिशला किगालीत जिंकणं अशक्य होतं. ही स्पर्धा दरवर्षी नव्या रस्त्यावर होते आणि त्या रस्त्यावर पुढच्या सायकलपटूमागे मिळणारा हवेपासूनचा आडोसा किती उपयोगी पडतो, यावर तिचा अर्धा निकाल लागलेला असतो.

साधं गणित करून पाहू. स्वार आणि सायकल मिळून ७५ किलो धरा (नियमानुसार सायकल ६.८ किलोपेक्षा हलकी चालत नाही). सपाट रस्त्यावर ताशी ४५ किलोमीटर वेगासाठी नुसती हवा कापायलाच सुमारे ३५० वॅट लागतात. टायर आणि रस्त्याच्या घर्षणात जेमतेम ३५ ते ४० वॅट जातात. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि तो मोडायला लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात. म्हणून कोणाच्या मागच्या चाकाला चिकटलं की हा भार साधारण ३० ते ४० टक्क्यांनी उतरतो. घोळक्याच्या आत तर कमालच होते. वायुगतिकीचे अभ्यासक बर्ट ब्लोकेन यांच्या गटाने २०१८ मध्ये १२१ सायकलपटूंच्या घोळक्याचा अभ्यास केला, तेव्हा आतल्या सर्वांत सुरक्षित जागी हवेचा विरोध एकट्या स्वाराच्या अवघा ५ ते १० टक्के निघाला.

आता तोच स्वार ८ टक्क्यांच्या चढावर ताशी २० किलोमीटरने न्या. गुरुत्वाकर्षणाविरुद्ध ३२५ वॅटच्या आसपास लागतात, हवेसाठी फक्त तीसेक. आडोशाने त्यातले दहाबारा वॅट वाचले तरी काय होणार? चढावर ज्याचं वजन त्यानेच वाहायचं असतं. २०१८ मध्ये ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकच्या शेवटच्या चढाची तीव्रता २८ टक्क्यांपर्यंत गेली होती. तिथे सहकाऱ्यांची फळी असून उपयोग नव्हता, आणि ३८ वर्षांचा आलेहांद्रो व्हाल्व्हेर्दे जिंकला.

पण सपाट रस्ता म्हणजे सोपा रस्ता, हा समज २०१६ मध्ये दोहाने खोटा ठरवला. कतारच्या वाळवंटात वारा बाजूने येत होता. असा वारा असला की आडोसा पुढच्याच्या पाठीमागे सरळ मिळत नाही, तो तिरका सरकतो. वारा डावीकडून असेल तर पुढच्याच्या मागे, पण किंचित उजवीकडे राहावं लागतं. त्याच्या उजवीकडे तिसरा, मग चौथा. अशी तिरकी रांग रस्त्याच्या उजव्या कडेपर्यंत पोहोचली की जागा संपते. उरलेल्यांना कडेच्या पट्टीवर एकामागे एक लटकावं लागतं, तिथे जवळजवळ पूर्ण वारा अंगावर. त्यातल्या एकाची दमछाक होऊन पुढच्या चाकापासून दोन मीटर फट पडली की त्याच्यामागचे सगळे तुटतात. त्यावर उपाय एकच असतो: मागच्यांनी कडा सोडून ताबडतोब आपली दुसरी तिरकी रांग धरायची. घाबरून त्याच कडेला रेटा देत राहणं ही नेहमीची चूक. दोहात शर्यत संपायला पावणेदोनशे किलोमीटर बाकी असतानाच घोळका फुटला. जर्मनीचे वेगवान स्प्रिंटर, म्हणजे शेवटच्या मुसंडीत तरबेज स्वार, मागे अडकले ते अडकलेच. पेटर सागान मात्र पुढच्या गटात जेमतेम पोहोचला आणि शेवटी तोच जिंकला.

इथे खेळाडू देशाकडून उतरतात, त्यामुळे वर्षभराचे संघसोबती त्या दिवशी प्रतिस्पर्धी असतात. कानात रेडिओही नसतो. पुढच्याशी किती अंतर आहे ते मोटारसायकलवरच्या फळ्यावर वाचायचं आणि पाठलाग कोणी करायचा ते चालत्या सायकलवर ठरवायचं. हे ठरेपर्यंत पुढचा मिनिटभर लांब गेलेला असतो.

सहा-साडेसहा तासांचा हिशेब पोटाचाही असतो. सरासरी २८० वॅट धरले तर सव्वासहा तासांत सुमारे ६३०० किलोज्यूल काम होतं आणि त्यासाठी शरीर जवळपास तितक्याच किलोकॅलरी जाळतं. स्नायू आणि यकृतातला ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, दोन हजार किलोकॅलरींच्या आसपासच भरतो. आतड्यातून ग्लुकोज तासाला साधारण ६० ग्रॅमच शोषलं जातं. फ्रुक्टोजची वाट वेगळी, म्हणून दोन्ही मिसळून ९० ते १२० ग्रॅमपर्यंत जाता येतं. भूक लागल्यावर खायला सुरुवात केली की उशीर झालेलाच असतो. चरबी भरपूर असते, पण ती हळू जळते. अशा वेळी सपाटीवर चाक धरून राहता येईल, चढावर पाय साफ गळून जातात.

किगालीत या सगळ्यावर उंचीची भर पडली. दीड हजार मीटरवर हवा सुमारे १५ टक्क्यांनी विरळ असते. सपाट रस्त्यावर त्याचा फायदाही होतो, कारण विरोध घटतो. पण त्या मार्गावर एकूण ५,४७५ मीटर चढ होता, फेरीमागून फेरी तेच आखूड चढ, त्यातला एक दगडी फरशीचा. चढावर विरळ हवेतून वाचतात चारपाच वॅट, आणि ऑक्सिजन कमी पडल्याने गमवावे लागतात त्याच्या कितीतरी पट जास्त. सुरुवातीला १६५ जण होते. शर्यत पूर्ण केली ३० जणांनी.