सॉफ्टवेअरमधली कैची आणि बेळगाव सीमाभागातली छपरं : एक पार्श्वभूमी

घर आखायच्या सॉफ्टवेअरमध्ये छपराची कैची, म्हणजे छप्पर पेलणारा त्रिकोणी सांगाडा (ट्रस), काढायला घेतली की बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या ड्राफ्ट्समनची एकच अडचण होते. कैची उमटते, पण ती आपल्याकडची नसते. बारीक लाकडाच्या कैच्यांची दर दोन फुटांवर एक अशी रांग, आत डब्ल्यूच्या आकाराचे तिरपे तुकडे, खाली सीलिंग आणि वर प्लायवूड. असं छप्पर आपल्या गावात कोणी बांधत नाही. यात वापरणाऱ्याचं काही चुकत नाही. त्या एका बटणामागे दुसऱ्या देशातल्या बांधकामाचा इतिहास आहे आणि आपल्या छपरांचा इतिहास त्याहून पुष्कळ वेगळा आहे. हे दोन्ही समजलं तर मॉडेलमध्ये काय ठेवायचं आणि काय पुसायचं हे चटकन कळतं.

आधी आपल्या बाजूचं पाहू. बेळगाव जिल्हा पश्चिमेकडून पूर्वेकडे ओलांडताना पाऊस झपाट्याने कमी होत जातो आणि त्याबरोबर छपराचा उतारही. मलप्रभेचा उगम असलेल्या कणकुंबीत, जांबोटीच्या रानात पाखं, म्हणजे छपराच्या उतरत्या बाजू, उंच आणि तीव्र उताराची. वळचण इतकी खाली येते की माणसाला वाकून आत शिरावं लागतं. अथणी-रायबागकडे गेलं की मातीची सपाट माळवदं दिसू लागतात. या दोन टोकांच्या मधल्या पट्ट्यात, खुद्द बेळगावात आणि आसपासच्या गावांत, दोन्ही रीती शेजारी शेजारी नांदल्या. त्यामुळे ‘बेळगावी छप्पर’ असा एकच नमुना मॉडेलमध्ये ठेवणं मला चुकीचं वाटतं. गाव कुठलं हे आधी विचारावं, मगच उतार टाकावा.

जुन्या घरात कैची नव्हतीच. खांब, त्यावर तुळया, मधल्या उंच खांबांवर आढं आणि आढ्यापासून भिंतीपर्यंत वासे. भार खांबांवर जायचा, मातीच्या भिंतीवर फारसा नाही. वासे गोल, थोडे वाकडे असले तरी चालायचे, कारण वर हाताने घडवलेली नळीची कौलं असायची आणि ती कशीही जुळवून घ्यायची. त्याची किंमत वेगळी मोजावी लागे : दरवर्षी मिरगाच्या आधी कौलं चाळून घ्यावी लागत.

हे चित्र बदललं ते मंगलोरी कौलाने. बासेल मिशन या ख्रिस्ती संस्थेच्या जॉर्ज प्लेब्स्ट यांनी १८६५ मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना काढला. यंत्रावर दाबून घडवलेलं, एकमेकांत अडकणारं हे कौल पुढे सगळ्या पश्चिम किनाऱ्यावर आणि घाटावर पसरलं. खानापूरची माती कौलांना चांगली. तिथे कौलांचे कारखाने उभे राहिले आणि खादी-ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकाम शिकवणारी केंद्रीय संस्थाही खानापुरातच आहे. पण कौलापेक्षा मोठा बदल त्याखाली झाला. अडकणाऱ्या कौलाला सारख्या अंतरावरच्या सरळ रिपा (कौलं टेकतात त्या लाकडी पट्ट्या) लागतात, साधारण १२ ते १३ इंचांवर. रीप सरळ हवी तर वासा सरळ हवा, म्हणजे करवतीने कापलेला हवा. चौरस मीटरला साधारण १५ कौलं बसतात आणि एकेक अडीच किलोच्या आसपास भरतं. पावसात भिजल्यावर वजन आणखी वाढतं. इतका भार सारखा पसरवायचा तर सुताराला मोजून-मापून काम करणं भागच होतं. माझ्या मते आपल्या भागात छपराचं रेखाटन कागदावर आलं त्यामागचं मोठं कारण हे कौल आहे.

त्याच सुमारास कैचीही आली. १८१८ मध्ये बेळगावचा किल्ला इंग्रजांनी घेतला आणि पुढे इथे छावणी वसली. बराकी, चर्च, शाळा, गोदामं यांना मध्ये खांब नसलेल्या लांब खोल्या हव्या होत्या. १८८० च्या दशकात सदर्न मराठा रेल्वे आली, तिला शेड लागल्या. मधोमध उभा खांब लटकवलेली किंग पोस्ट कैची साधारण २५ फुटांपर्यंत पुरते; त्याहून रुंद खोलीला दोन खांबांची क्वीन पोस्ट लागते. खालची आडवी तुळई दोन्ही वाशांना ओढून धरते, त्यामुळे भिंती बाहेर ढकलल्या जात नाहीत. या कैच्या एकमेकींपासून आठ-दहा फुटांवर असतात. त्यांच्यावर आडवे पर्लिन (एका कैचीवरून दुसरीवर जाणारी लाकडं), पर्लिनवर वासे, वाशांवर रिपा, रिपांवर कौलं. हा क्रम लक्षात ठेवा, पुढे त्याचंच काम आहे.

आता सॉफ्टवेअरची बाजू. तिथली डब्ल्यूसारखी कैची फिंक या नावाने ओळखली जाते. आल्बर्ट फिंक हे मूळचे जर्मन, अमेरिकेत रेल्वेचे इंजिनिअर झाले. त्यांनी १८५४ मध्ये पुलासाठी अशा रचनेचं पेटंट घेतलं. घरावर ती सर्रास आली शंभर वर्षांनी. १९५० च्या दशकात फ्लोरिडात कॅल्विन ज्युरेट यांनी दात असलेला पत्र्याचा तुकडा बनवला. तो सांध्यावर दाबला की लाकडं जोडली जातात, कुशल सुताराची गरज उरत नाही. कैची कारखान्यात बनून ट्रकने यायला लागली. प्लायवूडचे तक्ते चार बाय आठ फुटांचे, म्हणून कैच्या दोन फुटांवर. अमेरिकेत तयार झालेल्या चीफ आर्किटेक्टसारख्या प्रोग्रामने हीच पद्धत गृहीत धरली आहे. वर छपराचं पाख आणि खाली सीलिंग सापडलं की मधल्या जागेत कैची आपोआप घडते. हे तिथल्या घरांसाठी उत्तमच आहे, तो काही दोष नव्हे.

एक गोष्ट मात्र थेट जुळते. तिथे उतार १२ इंचाला किती इंच असा लिहितात आणि आपले सुतारही ‘फुटाला सहा इंच’ असंच सांगतात. बाराला सहा म्हणजे साडेसव्वीस अंश, मंगलोरी कौलाचा कमीत कमी उतार जवळपास तिथेच येतो. त्यामुळे मेस्त्रीने सांगितलेला आकडा तसाच भरता येतो, अंशात बदलत बसू नये.

चूक होते ती जाडीत. अमेरिकी छपरात कैचीच्या वर लगेच तक्ता येतो, म्हणून प्रोग्रामचं पाख कैचीला चिकटलेलं असतं. आपल्याकडे कैचीच्या माथ्यापासून कौलाच्या माथ्यापर्यंत पर्लिन, वासा, रीप आणि कौल मिळून जवळपास एक फूट जातो. तो न धरता मॉडेल केलं तर आढ्याची उंची, वळचणीची उंची आणि शेजारच्या स्लॅबला छप्पर कुठे भिडतं, हे सगळं एक फुटाने चुकतं. मग जागेवर गवंडी आणि सुतार यांचा वाद लागतो. लोखंडी पाइप आणि पत्रा असेल तर हेच अंतर तीन-चार इंच.

म्हणूनच माझा आग्रह असा की सेक्शन, म्हणजे इमारत उभी कापल्यासारखं चित्र, आधी काढावा, कैची नंतर. इमारत कापून दाखवायची ही रीत जुनी आहे. १५१९ च्या सुमारास राफाएलने पोपला लिहिलेल्या पत्रात प्लॅन, एलिव्हेशन आणि सेक्शन या तिन्ही चित्रांची मागणी केलेली आहे. संगणकावर मात्र क्रम उलटा झाला. १९८२ मध्ये ऑटोकॅड हा रेखाटनाचा प्रोग्राम आला तेव्हा सेक्शन हातानेच, एकेक रेघ ओढून काढावा लागे. १९८४ पासून हंगेरीच्या आर्किकॅडने आणि २००० मध्ये आलेल्या रेव्हिटने मॉडेलमधूनच सेक्शन काढून द्यायची सोय केली. सोय मोठी, पण मॉडेलमध्ये जे नाही ते सेक्शनमध्येही येत नाही. आणि आपल्या रिपा-पर्लिन त्यात आपणहून येणार नाहीत.

तेव्हा आढ्याला काटकोनात एक रेघ धरून प्रत्यक्ष थर काढा : भिंत, वॉल प्लेट (भिंतीच्या माथ्यावरचं आडवं लाकूड), कैची, पर्लिन, वासा, रीप, कौल. खानापूरकडचं घर असेल तर मातीच्या भिंतीला झाकणारी अडीच-तीन फुटांची वळचणही काढा. त्यावरून कैची स्वतंत्र वस्तू म्हणून बनवा. स्केचअप या मॉडेल बनवायच्या प्रोग्राममध्ये ती कंपोनंट करावी, म्हणजे एकीत बदल केला की सगळ्या बदलतात. सेक्शनची रेघ कैचीच्या अंगातून नेऊ नये. थोडी अलीकडे धरली की अख्खी कैची समोर दिसते आणि फक्त पर्लिन-रिपा कापलेल्या दिसतात. स्केचअपमध्ये प्रत्येक ग्रुपमध्ये एकच सेक्शन एका वेळी चालू राहतो. घराचा ग्रुप वेगळा आणि छपराचा वेगळा ठेवला तर भिंती कापून छप्पर अखंड दाखवता येतं.

आजचं खरं काम बहुतेक वेळा लोखंडाचं असतं. सागवान महाग झालं, वेल्डिंग गावोगाव पोचलं. ऑगस्ट २०१९ च्या पुरात या जिल्ह्यातली कितीतरी मातीची घरं कोसळली आणि त्यांच्या जागी स्लॅबची घरं उभी राहिली. स्लॅब गळायला लागला की त्यावर पाइपची कैची आणि पत्रा चढतो. इथे प्रोग्रामची आपोआप कैची अगदीच निरुपयोगी, कारण खाली सीलिंग नाही, बाजूला भिंती नाहीत, नुसते उघडे खांब आहेत. अशा छपराला वजनापेक्षा वाऱ्याची भीती अधिक. वळवाच्या वाऱ्यात पत्रा वर उचलला जातो आणि खांबाचा पाया धड नसेल तर कैचीही जाते. घर आखायचं सॉफ्टवेअर हे बळ मोजत नाही. त्यासाठी आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागाप्रमाणे वाऱ्याचा हिशेब करणारा इंजिनिअर लागतो. ड्राफ्ट्समनच्या हातात एवढं आहे की सेक्शनमध्ये खांबाच्या तळाची प्लेट, तिचे बोल्ट आणि ते स्लॅबच्या तुळईत किती खोल गेले आहेत हे मोठ्या मापात काढून द्यावं. फॅब्रिकेटर काम करताना तोच कागद हातात धरतो.