हाताने चालते, बूटला पडते

लाइट जाते, अर्ध्या तासाने येते. कोपऱ्यातला लिनक्सचा सर्व्हर आपोआप उठतो, म्हणजे बूट होतो, पण त्यावरचे हिशेबाचे ॲप काही उघडत नाही. कोणीतरी टर्मिनलवर जाऊन सिस्टमसीटीएल स्टार्ट ही सर्व्हिस (मागे चालत राहणारा प्रोग्रॅम) सुरू करायची कमांड देतो आणि ॲप निमूट चालू होते. ‘काहीतरी अडकलं असेल’ म्हणून विषय संपतो, पुढच्यांदा लाइट जाईपर्यंत. अशा वेळी प्रोग्रॅम बहुधा ठीक असतो. तो उठवला तेव्हा आजूबाजूला काय तयार नव्हते, ते शोधायचे असते.

बूट होताना बाकीचे प्रोग्रॅम उठवतो तो इनिट. जुन्या सिस्टिम-फाइव्ह पद्धतीच्या इनिटमध्ये स्क्रिप्टांना एस०१, एस२० असे क्रमांक असत आणि त्या रांगेने चालत. बूट संथ, पण क्रम ठरलेला. लेनार्ट पॉटरिंग आणि काय सीव्हर्स यांच्या सिस्टमडी या नव्या इनिटने २०१० मध्ये ही रांग मोडली. लिनक्सच्या प्रकारांपैकी फेडोराने २०११ मध्ये आणि डेबियन, उबंटूने २०१५ मध्ये तो कायमचा घेतला. कर्नलने, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याने, सुरू केलेली पहिली प्रोसेस, पीआयडी (प्रोसेसचा क्रमांक) १, म्हणजे हाच. ज्यांना एकमेकांसाठी थांबायला सांगितलेले नाही अशा सर्व्हिस तो एकदमच सोडतो. एखाद्या दिवशी नेटवर्क आधी तयार होते, एखाद्या दिवशी ॲप पुढे पळते. चार वेळा नीट आणि पाचव्यांदा बंद, हा प्रकार इथूनच येतो.

पहिला प्रश्न मात्र वेगळाच: ‘हाताने चालते’ म्हणजे नेमके कसे? टर्मिनलमध्ये थेट कमांड टाइप करून चालत असेल आणि सिस्टमसीटीएल स्टार्टने पडत असेल, तर बूटचा संबंधच नाही. सिस्टमडी तुमची डॉट बॅशआरसी (टर्मिनलच्या सेटिंगची फाइल) वाचत नाही, त्याचा पाथ, म्हणजे प्रोग्रॅम शोधायच्या जागांची यादी, मोजक्याच फोल्डरांचा असतो आणि सांगितले नसेल तर काम मूळ (/) फोल्डरमधून सुरू होते. तुमच्या होममधला पायथन किंवा नोड त्याला दिसणार कसा? सर्व्हिस कशी चालवायची ते सिस्टमडीला सांगते ती युनिट फाइल. तिच्यात प्रोग्रॅमचा पूर्ण पाथ (पत्ता), वर्किंगडिरेक्टरी (काम कुठल्या फोल्डरमधून) आणि एन्व्हायर्नमेंट (प्रोग्रॅमला लागणारी सेटिंग) लिहिले की हे बहुतेकदा मिटते. स्टार्टने चालते आणि फक्त बूटला पडते, तेव्हा खरी शोधाशोध सुरू होते.

घाईने स्टार्ट देण्याआधी सिस्टमसीटीएल स्टेटस बघा, कारण स्टार्ट दिला की स्टेटसमधला जुना एक्झिट कोड (का पडले ते सांगणारा आकडा) जातो. सिस्टमसीटीएल डॅश डॅश फेल्ड पडलेल्यांची यादी देते. जर्नलसीटीएलला डॅश बी डॅश यू आणि सर्व्हिसचे नाव दिले की याच बूटमधला तिचा लॉग मिळतो. डॅश बीनंतर उणे एक लिहिले तर आधीच्या बूटचा. त्यासाठी /व्हार/लॉग/जर्नल हे फोल्डर असावे लागते. ते नसेल तर लॉग मेमरीतच राहतो आणि लाइटबरोबर जातो.

एक्झिट कोड पुष्कळ सांगतात. २०३ म्हणजे फाइल चालवताच आली नाही: पाथ चुकला, एक्झिक्युट परवानगी नाही, किंवा स्क्रिप्ट विंडोजवर लिहिल्यामुळे पहिल्या ओळीच्या शेवटी एक अदृश्य अक्षर चिकटले. २०० म्हणजे वर्किंग फोल्डर सापडले नाही, २१७ म्हणजे युझर सापडला नाही. स्टार्टने चालणारी सर्व्हिस बूटला मात्र २०० किंवा २०३ देत असेल, तर तिचे फोल्डर बहुधा वेगळ्या डिस्कवर आहे आणि ती डिस्क तेव्हा माउंट झालेली, म्हणजे फोल्डरांत जोडली गेलेली, नव्हती. युनिटमध्ये रिक्वायर्समाउंट्सफॉर लिहून तो पाथ द्या. /ईटीसी/एफएसटॅब या डिस्कांच्या यादीत एसडीबी वगैरे नाव न लिहिता यूयूआयडी (डिस्कचा स्वतःचा ओळखक्रमांक) लिहा, कारण ती नावे बूटागणिक बदलू शकतात. बाहेरची यूएसबी डिस्क असेल तर तिच्या ओळीत नोफेल (‘नसली तरी पुढे जा’) हवेच. नाहीतर न लावलेल्या डिस्कची मशीन ९० सेकंद वाट बघते आणि मग सरळ इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन बसते.

आता नेटवर्क. या जातीच्या तक्रारींचे मोठे घर हेच. समजा लॉग असा आहे: ०८:१४:०७ ला ॲप ‘कॅनॉट असाइन रिक्वेस्टेड ॲड्रेस’ म्हणून पडले आणि ०८:१५:३२ ला नेटवर्क मॅनेजर म्हणतो की १९२.१६८.१.२० हा पत्ता मिळाला. ॲप त्याच पत्त्यावर कान लावून बसणार होते, पण तो पत्ता मशीनला ८५ सेकंदांनी मिळाला. युनिट फाइल उघडली तर आफ्टर=नेटवर्क.टार्गेट असे लिहिलेले सापडते. टार्गेट म्हणजे बूटमधला एक टप्पा. लिहिणाऱ्याला वाटले की नेटवर्क आल्यावर ॲप सुरू होईल. पण नेटवर्क.टार्गेट एवढेच सांगतो की नेटवर्क सांभाळणारा प्रोग्रॅम सुरू झाला. पत्ता मिळाला की नाही, याच्याशी त्याला देणेघेणे नाही. त्याचा खरा उपयोग मशीन बंद होताना: नेटवर्क जाण्याआधी सर्व्हिस थांबावी म्हणून.

हवा तो नेटवर्क-ऑनलाइन.टार्गेट, आणि तोही दोन ओळींत: वॉन्ट्स आणि आफ्टर. ‘वऱ्हाड आल्यावर पंगत वाढा’ असे आचाऱ्याला सांगितले म्हणून वऱ्हाडाला आमंत्रण जात नाही. आणि आमंत्रण गेले म्हणून आचारी थांबत नाही. वॉन्ट्स म्हणजे आमंत्रण, आफ्टर म्हणजे थांबणे. शिवाय वाट बघणारी वेट-ऑनलाइन सर्व्हिस एनेबल (बूटला आपोआप उठेल अशी) असावी लागते. ती नसेल तर टार्गेट लगेच ‘झाले’ म्हणून मोकळा होतो.

एवढे करून रीबूट केले, चालले, समाधान झाले. पण ही परीक्षा सोपी होती, कारण रीबूटच्या वेळी राउटर चालूच होता. लाइट जाऊन येते तेव्हा राउटर आणि सर्व्हर एकाच क्षणी उठतात, आणि एसएसडीवाला सर्व्हर पुष्कळदा राउटरला मागे टाकतो. वेट-ऑनलाइनही अनंत काळ थांबत नाही: नेटवर्क मॅनेजरच्या नव्या आवृत्त्यांत ६० सेकंद, सिस्टमडीच्याच नेटवर्कडीत १२०. मुदत संपली की ती स्वतः फेल होते, पण टार्गेटला तिची फक्त ‘इच्छा’ (वॉन्ट्स) असते, सक्ती नसते. त्यामुळे गाडी पुढे जाते आणि ॲप पत्त्याशिवायच उठते. म्हणून शक्य असेल तर ॲपला एका पत्त्याला बांधूच नका, ०.०.०.० वर ऐकू द्या आणि कोणाला आत घ्यायचे ते फायरवॉलला ठरवू द्या. ते चालणार नसेल तर कर्नलमध्ये नेट.आयपीव्ही४.आयपी_नॉनलोकल_बाइंड ही सेटिंग १ करा, म्हणजे अजून न मिळालेल्या पत्त्यावरही बसता येते.

‘पडले तर पुन्हा उठव’ म्हणून रीस्टार्ट=ऑन-फेल्युअर लिहिले तरी एक खोच राहतेच. दोन प्रयत्नांतले मुळातले अंतर १०० मिलिसेकंद आणि मर्यादा १० सेकंदांत ५ प्रयत्न. लगेच पडणारे ॲप हे पाचही प्रयत्न बघता बघता उडवते, मग सिस्टमडी ‘स्टार्ट रिक्वेस्ट रिपीटेड टू क्विकली’ म्हणून हात वर करतो. लोक ही शेवटची ओळ शोधत बसतात. खरे कारण चार-पाच ओळी वर असते. रीस्टार्टसेक=५ लिहा. १० सेकंदांत पाच प्रयत्न होणारच नाहीत आणि राउटर येईपर्यंत ॲप दर पाच सेकंदांनी दार वाजवत राहील. हे बदल सिस्टमसीटीएल एडिटने करा. पॅकेजच्या मूळ फाइलीत केलेले पुढच्या अपडेटला पुसले जातात.

/रन हे फोल्डर मेमरीत असते आणि दर बूटला रिकामे होते. पीआयडी किंवा सॉकेट (प्रोग्रॅमांनी आपसात बोलायच्या) फाइलसाठी तिथे कोणी एमकेडीआयआरने फोल्डर केले असेल, तर पुढच्या बूटला ‘नो सच फाइल’ ठरलेलेच. रनटाइमडिरेक्टरी ही एक ओळ लिहिली की सिस्टमडीच ते दर वेळी करतो, मालकीसकट.

रास्पबेरी पायचा घोळ वेगळा. पाय ४ पर्यंतच्या बोर्डांवर बॅटरीवरचे घड्याळच नाही. उठल्यावर पाय जुन्याच वेळेत जगतो, आणि कालच नवे केलेले एसएसएल सर्टिफिकेट त्याला ‘अजून लागू नाही’ वाटते. आफ्टर आणि वॉन्ट्समध्ये टाइम-सिंक.टार्गेट घाला आणि सिस्टमडी-टाइम-वेट-सिंक एनेबल करा, म्हणजे घड्याळ जुळेपर्यंत ॲप थांबेल.

सर्व्हिस बरोबर ९० सेकंदांनी मरत असेल तर युनिटमधली टाइप ही ओळ तपासा. फोर्किंग लिहिले आणि प्रोग्रॅम मागे (बॅकग्राउंडला) जातच नाही, किंवा नोटिफाय लिहिले आणि तो ‘तयार’ असे कळवतच नाही, तर सिस्टमडी वाट बघून त्याला मारतो. फेल्डची यादी रिकामी आणि सर्व्हिसही बंद असेल, तर ती एनेबल आहे का बघा, आणि जर्नलमध्ये ‘ऑर्डरिंग सायकल’ किंवा ‘डिपेंडन्सी फेल्ड’ शोधा. अ ने ब साठी आणि ब ने अ साठी थांबायचे असेल तर सिस्टमडी एकाचे काम गुपचूप रद्द करतो. ती सर्व्हिस पडलेली नसते, उठवलेलीच नसते.

सगळे झाल्यावर शटडाउन देऊन सर्व्हर नीट बंद करा, मग राउटर आणि सर्व्हर एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर लावा, बोर्डचे बटण बंद करून अर्ध्या मिनिटाने चालू करा. सर्व्हर आपोआप उठत नसेल तर बायोसमध्ये लाइट आल्यावर सुरू होण्याची सेटिंग असते, ती चालू करा. पाच मिनिटे हात लावू नका. मग जर्नलमध्ये ॲपच्या किती हाका वाया गेल्या आणि कितव्या हाकेला दार उघडले, ते मोजा.