परदेशी वैद्यकीय पदवीधर : निवासी पदासाठीची पात्रता (विदर्भाच्या संदर्भात)

भारताबाहेर एमबीबीएसच्या तोडीची पदवी घेतलेल्या भारतीय नागरिकाला येथे पदव्युत्तर निवासी पद (पीजी, रेसिडेन्सी) मिळण्याआधी पुऱ्या कराव्या लागणाऱ्या कायदेशीर व प्रशासकीय अटी. चाळणी परीक्षा (एफएमजीई, फॉरेन मेडिकल ग्रॅज्युएट एक्झामिनेशन), राज्य वैद्यक परिषदेची तात्पुरती नोंदणी, भारतातील १२ महिन्यांची आंतरवासिता (इंटर्नशिप), कायम नोंदणी आणि नीट-पीजी ही पदव्युत्तर प्रवेश परीक्षा असा त्यांचा क्रम आहे. यवतमाळ, वाशीम, बुलढाणा, गडचिरोली या जिल्ह्यांतील खेड्यांतून रशिया, किर्गिझस्तान, जॉर्जिया, फिलिपिन्स येथे गेलेल्या मुलामुलींना या क्रमातली पहिली ठेच बहुधा परीक्षेत नव्हे, तर निघतानाच घेतलेल्या प्रवेशाच्या कागदात लागते.

पूर्वपीठिका : या अटींचा आरंभ कोठून धरावा यावर एकमत नाही. एक मत २००१ च्या दुरुस्तीपासून आरंभ मानते. या दुरुस्तीने भारतीय वैद्यक परिषद अधिनियम, १९५६ मधील कलम १३ मध्ये चाळणी परीक्षेची तरतूद घातली आणि १५ मार्च २००२ पासून परीक्षा सक्तीची झाली. दुसरे मत १९५६ च्या मूळ अधिनियमाकडे बोट दाखवते. तिसरे त्याहून मागे, १९३० पर्यंत जाते. त्या वर्षी ब्रिटनच्या वैद्यक परिषदेने भारतीय पदव्यांची मान्यता थांबवली आणि त्यातून १९३३ चा भारतीय वैद्यक परिषद कायदा आला. परंतु १९३३ च्या कायद्याचा मुख्य रोख देशी पदव्यांचा दर्जा एकसारखा करण्यावर होता. कोणती परदेशी पदवी येथे चालेल हा प्रश्न १९५६ च्या कलम १२ व १३ मध्ये स्वतंत्रपणे हाताळलेला दिसतो आणि २००१ ची दुरुस्ती त्याच कलमाला जोडलेली आहे, म्हणून दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ विघटित झाल्यावर तेथील विद्यापीठांत शुल्क भरून जाणाऱ्या भारतीयांचा ओघ वाढला. त्यांच्या नोंदणीचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला व २००२ मध्ये निकाली निघाला.

२०१८ पासून परदेशी जाण्यासाठीही नीट-यूजी (एमबीबीएस प्रवेशाची परीक्षा) उत्तीर्ण असणे आवश्यक झाले. राष्ट्रीय वैद्यकीय आयोग अधिनियम, २०१९ हा २५ सप्टेंबर २०२० पासून अमलात आला आणि १८ नोव्हेंबर २०२१ रोजी परदेशी पदवीधरांसाठीचे आजचे विनियम निघाले. त्या तारखेपूर्वी शिक्षण सुरू केलेल्यांना हे विनियम लागू नाहीत. एजंटांच्या माहितीपत्रकांत जुन्या व नव्या तुकड्यांच्या अटींची सर्रास सरमिसळ केलेली असते.

चौपन्न महिने : सर्वाधिक वाद याच अटीवर आहे. अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा, इंग्रजी माध्यमाचा आणि संपूर्णपणे एकाच परदेशी संस्थेत झालेला हवा. त्याच संस्थेत १२ महिन्यांची आंतरवासिता हवी. त्या देशात तेथील नागरिकाप्रमाणे व्यवसाय करण्याची नोंदणी किंवा परवाना मिळण्याजोगा हवा. आणि प्रवेशापासून १० वर्षांत शिक्षण पुरे व्हायला हवे. हे १२ महिने ५४ मध्येच मोजावेत असा अर्थ प्रवेश देणारे लावतात. दोन्ही अटी स्वतंत्र कलमांत असल्याने बेरीज ६६ महिन्यांची धरणे सुरक्षित होय. त्या हिशेबाने ६० महिन्यांत पदवी देऊन मोकळा होणारा पाच वर्षांचा अभ्यासक्रम अपुरा पडतो. फिलिपिन्समधील चार वर्षांची एमडी (तेथील एमबीबीएसच्या तोडीची पदवी) ४८ महिन्यांतच संपते, आणि तिच्या आधीचा बीएस (विज्ञान पदवी) अभ्यासक्रम वैद्यकीय शिक्षणात धरला जात नाही. सहा वर्षांच्या अभ्यासक्रमात शेवटचे वर्ष आंतरवासितेचेच असते, असे तोंडी सांगितले जाते. ते विद्यापीठाच्या पत्रावर, विभागवार व तारखांसह लिहून घ्यावे. पदवी हातात पडल्यावर असे पत्र मिळवणे फार अवघड जाते. विद्यापीठ बदलून दुसऱ्या देशात उर्वरित वर्षे केलेल्यांचाही पाय येथेच अडकतो. २०२२ च्या युद्धात युक्रेनमधून परतलेल्यांसाठी काढलेल्या सवलती त्या तुकड्यांपुरत्याच होत्या.

कागदपत्रे : दहावीची गुणपत्रिका, पासपोर्ट व पदवी यांतील नाव एकसारखे नसणे ही नेहमीची अडचण. रशियन लिपीत आपल्या ‘ह’साठी अक्षर नाही, त्याच्या जागी ‘ख’ला जवळचे अक्षर येते. पदवी पुन्हा रोमन लिपीत उतरवली की ‘हर्षल’चा ‘खर्षल’ होतो. ‘वानखेडे’ आडनावाचे आद्याक्षर पासपोर्टवर डब्ल्यू असते, पदवीवर व्ही होऊन येते आणि मधल्या ‘ख’मध्ये एक अक्षर वाढते. शिवाय महाराष्ट्रातील शालेय कागदांवर आडनाव आधी व वडिलांचे नाव शेवटी असते, तर पासपोर्टवर वडिलांचे नाव कधी असते, कधी गळते. तहसीलमध्ये केलेले प्रतिज्ञापत्र काही ठिकाणी चालते, पण खात्रीचा उपाय एकच : पदवी छापण्यापूर्वी पासपोर्टप्रमाणे रोमन नाव विद्यापीठाला लेखी कळवणे. पदवीवर भारतीय दूतावासाचे साक्षांकन किंवा अपोस्टिल (आंतरराष्ट्रीय करारानुसार पदवी देणाऱ्या देशानेच दिलेले प्रमाणीकरण) लागते.  

चाळणी परीक्षा : वर्षातून दोनदा, ३०० प्रश्न, १५० चे दोन भाग, उणे गुण नाहीत, उत्तीर्णतेसाठी १५०. अनेक सत्रांत उत्तीर्णांचे प्रमाण एकपंचमांशाच्या आसपास राहिले आहे. पूर्वचिकित्सा व सहचिकित्सा विषयांना १०० आणि चिकित्सा विषयांना २०० गुण असतात. त्यांत सामाजिक वैद्यकशास्त्राला ३० गुण आहेत, म्हणजे स्त्रीरोग-प्रसूतिशास्त्राइतकेच. परदेशी अभ्यासक्रमात भारताचे लसीकरण वेळापत्रक, क्षयरोग निर्मूलन कार्यक्रम, हिवतापाची राष्ट्रीय औषधपद्धती हे काहीच नसते, आणि हेच गुण सर्वाधिक सहज हुकतात. त्वचारोग, मानसोपचार, भूल अशा पाच-पाच गुणांच्या विषयांत महिने घालवून हे ३० गुण सोडून देणे हा शिकवणी वर्गांतून आलेला चुकीचा हिशेब आहे.

आंतरवासिता : परीक्षेनंतर महाराष्ट्र वैद्यक परिषदेची तात्पुरती नोंदणी व मगच रुजू. महाविद्यालयाच्या मंजूर जागांच्या ७.५ टक्क्यांपर्यंत परदेशी पदवीधर घेता येतात. १५० जागांच्या महाविद्यालयात ११. आयोगाच्या मार्च २०२२ च्या परिपत्रकानुसार त्यासाठी शुल्क घेता येत नाही आणि विद्यावेतन देशी पदवीधरांइतकेच द्यावे लागते. नागपूरला जागा मिळाली नाही म्हणून सहा महिने थांबण्यापेक्षा गोंदिया, चंद्रपूर, अकोला वा यवतमाळ घ्यावे. तेथील शिकणेही उणे नाही. सर्पदंशाचा रुग्ण, सिकलसेलचे दुखणे, फवारणीतली विषबाधा (यवतमाळ जिल्ह्यात २०१७ मध्ये तिने मोठे रूप घेतले होते) हे रुग्ण बहुतेकांनी परदेशात पाहिलेलेच नसतात. ॲट्रोपिन (फवारणीच्या विषावरचा उतारा) किती, किती मिनिटांनी आणि छातीतला स्राव सुकेपर्यंत पुन्हा का, हे खाटेशेजारीच कळते.

कालगणना : नीट-पीजीसाठी आंतरवासिता ठरावीक तारखेपर्यंत संपलेली लागते, २०२५ साठी ती ३१ जुलै होती. डिसेंबर २०२४ ची म्हणवली जाणारी चाळणी परीक्षा प्रत्यक्षात १२ जानेवारी २०२५ रोजी झाली. त्यात उत्तीर्ण झालेल्याची आंतरवासिता वसंत २०२६ पूर्वी संपूच शकत नाही, म्हणजे २०२५ ची संधी परीक्षा देण्याआधीच गेलेली. नोंदणीच्या कागदात दोन महिने गेले की पुढच्या वर्षाचीही ओढाताण होते. म्हणून कटऑफ तारखेपासून उलटे मोजत यावे.

जागा व आरक्षण : शासकीय महाविद्यालयांतील ५० टक्के अखिल भारतीय जागा, अभिमत विद्यापीठे व डीएनबी (राष्ट्रीय परीक्षा मंडळाची पदव्युत्तर पात्रता) हे या पदवीधरांचे मुख्य क्षेत्र. नागपूरच्या एम्ससाठी आयएनआय-सीईटी ही राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थांची प्रवेश परीक्षा वेगळी द्यावी लागते. २९ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पदव्युत्तर प्रवेशातील रहिवासावर आधारित आरक्षण घटनाबाह्य ठरवले, संस्थात्मक प्राधान्य (त्याच संस्थेतून एमबीबीएस झालेल्यांना दिले जाणारे) मात्र कायम ठेवले. परदेशात शिकलेल्याची मूळ संस्थाच राज्याबाहेरची, त्यामुळे नुसता अधिवासाचा दाखला पुरत नाही. राखीव जागेसाठी महाराष्ट्रात जातवैधता प्रमाणपत्र लागते. शिक्षणाची सहा वर्षे हाताशी असताना त्यासाठी अर्ज न करणे आणि समुपदेशनाच्या आठवड्यात समितीच्या दारात उभे राहणे, असे आजही वारंवार घडते.

प्रतीक्षाकाळ : नोंदणी नसताना तालुक्याच्या खाजगी रुग्णालयात ‘आरएमओ’ (निवासी वैद्यकीय अधिकारी) म्हणून रात्रपाळी करण्याचा मोह होतो. २०१९ च्या अधिनियमाच्या कलम ३४ नुसार त्यासाठी एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. कायम नोंदणीनंतर मात्र पदव्युत्तरेतर कनिष्ठ निवासी वा प्राथमिक आरोग्य केंद्रातील कंत्राटी वैद्यकीय अधिकारी ही पदे खुली असतात. या काळात कर्जही डोक्यावर असते. साडेसात लाखांवरच्या शैक्षणिक कर्जाला तारण लागते. शेतजमीन सरफेसी कायद्याच्या (कर्ज थकल्यास बँकेला तारण ताब्यात घेऊ देणारा कायदा) कक्षेबाहेर असल्याने बँका बहुधा गावठाणातले घर किंवा एनए प्लॉट मागतात. हप्ते साधारणपणे अभ्यासक्रम संपल्यावर वर्षभराने सुरू होतात, चाळणी परीक्षा झालेली असो वा नसो.

अमेरिकेकडे : उलट दिशेने, सेवाग्राम वा नागपूरहून एमबीबीएस होऊन अमेरिकेत निवासी पद मागणाऱ्यांना ईसीएफएमजीचे (परदेशी पदवीधरांची पात्रता तपासणारी तेथील संस्था) प्रमाणपत्र लागते. यूएसएमएलई या अमेरिकेच्या वैद्यकीय परवाना परीक्षेच्या प्रत्येक टप्प्याला चारच प्रयत्न आहेत; पहिला टप्पा २६ जानेवारी २०२२ पासून केवळ उत्तीर्ण-अनुत्तीर्ण असा आहे. जे-१ (प्रशिक्षणासाठीच्या) व्हिसासाठी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाचे गरजपत्र (स्टेटमेंट ऑफ नीड) स्वतंत्रपणे मागवावे लागते.