धरतीपकड
वारंवार निवडणुकीला उभा राहून बहुतेक वेळा अनामत रक्कम गमावणारा, सहसा अपक्ष उमेदवार. शब्द हिंदीतून आला. त्याचे दोन अर्थ लावता येतात : मातीला असा चिकटलेला की प्रतिस्पर्ध्याला उचलताच येत नाही, किंवा दर वेळी आपटी खाऊन जमिनीलाच मिठी मारणारा. पहिला अर्थ उमेदवारांना प्रिय, दुसरा पत्रकारांना. उपाधी मूळची कोणाची, हाही वाद आहे. बरेलीचे कापड व्यावसायिक काका जोगिंदरसिंग, भागलपूरचे नागरमल बाजोरिया आणि मध्य प्रदेशातील मोहनलाल असे तिघे ती लावत. तिघांचा काळ साधारण एकच, म्हणून ती एकाच्या नावावर न करता सामान्यनाम मानणे अधिक सयुक्तिक वाटते. जोगिंदरसिंग यांनी तीनशेच्या आसपास निवडणुका लढवल्याचे सांगतात. 1992 च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत त्यांना 1,135 मतमूल्य (खासदार-आमदारांच्या मतांचे ठरलेले वजन) मिळाले.

लोकप्रतिनिधित्व अधिनियम, 1951 च्या कलम 34 नुसार लोकसभेसाठी 25,000 व विधानसभेसाठी 10,000 रुपये अनामत भरावी लागते. अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना निम्मी. एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून अधिक मते पडली तरच ती पराभूताला परत मिळते. नेमका एक षष्ठांश भरला तरी रक्कम जप्त. ‘नोटा’ची मते या हिशेबात धरत नाहीत. म्हणजे 12 लाख वैध मतांत 2 लाख पुरत नाहीत, 2,00,001 हवीत.

लोकसभेची अनामत 1996 पर्यंत केवळ 500 रुपये होती. त्या वर्षी बेळगावात 456 आणि नलगोंड्यात 480 उमेदवार उभे राहिले, तर तमिळनाडूतील मोडकुरिची विधानसभा मतदारसंघात 1,033. यांना मात्र धरतीपकड म्हणू नये. ती सामूहिक निषेधाची उमेदवारी होती. त्याच वर्षी अनामत 10,000 झाली आणि अपक्षाला दहा सूचक (उमेदवाराचे नाव सुचवणारे मतदार) सक्तीचे झाले. लोकसभेचे एकूण उमेदवार 1996 मधील 13,952 वरून 1998 मध्ये 4,750 वर आले.

धरतीपकडाचा अर्ज अनेकदा छाननीतच बाद होतो. सूचक त्याच मतदारसंघाचे मतदार नसतात, नमुना 26 च्या प्रतिज्ञापत्रात रकाने कोरे राहतात, किंवा अर्ज दिल्यानंतर, पण छाननीच्या दिवसापूर्वी, घ्यायची शपथ राहून जाते. 2024 मध्ये वाराणसीत नकलाकार श्याम रंगीला यांचा अर्ज बाद करताना अपुरे प्रतिज्ञापत्र आणि राहिलेली शपथ ही कारणे देण्यात आली. चिल्लरीची गोणी घेऊन येणे हा आवडता देखावा. पण नाणी अधिनियम, 2011 नुसार रुपया व त्यावरील नाणी एका व्यवहारात 1,000 रुपयांपर्यंतच वैध चलन ठरतात. त्यापुढची चिल्लर मोजून घेणे हा निवडणूक अधिकाऱ्याचा सोशिकपणा.

तमिळनाडूतील मेट्टूरचे टायर दुरुस्तीचे दुकानदार के. पद्मराजन 1988 पासून लढत आहेत. 2011 च्या विधानसभा निवडणुकीतील सुमारे सहा हजार मते ही त्यांची सर्वोत्तम कामगिरी.

समाजमाध्यमांनी या हौशा-नवशांना प्रचारयंत्रणा फुकट दिली, मते मात्र दिली नाहीत. साताऱ्याचे अभिजीत बिचुकले यांच्या मुलाखतींच्या चित्रफिती फिरल्या आणि 2019 मध्ये ते मराठी ‘बिग बॉस’मध्ये पोहोचले, 2023 च्या कसबा पेठ पोटनिवडणुकीत त्यांना 47 मते पडली.